रणात पोचलेला निरोप

लालबागचे सावंत आमच्या वर्कशॉपचा जिना चढून वर आले तेव्हा मी पक्षीवाल्यांशी भांडत होतो. भांडण मोर्समध्ये चाललं होतं. त्यामुळे सावंतांना नुसती टिक-टिक ऐकू येत होती आणि माझं वाकडं तोंड दिसत होतं.

"जाधव, ते ठेवा बाजूला," ते म्हणाले. "परब काकींना परळच्या हॉस्पिटलात नेलंय. छातीत कळ आली. डॉक्टर म्हणतात, मुलाला बोलावून घ्या."

मुलगा म्हणजे माझा मित्र वसंत परब; सावंत त्यांचे चाळीतले शेजारी. तो तेव्हा कच्छच्या रणात होता. तिथून निघून मुंबईला पोचायला जवळजवळ दीड दिवस लागायचा. तार केली तर ती रणाच्या कडेच्या गावापर्यंत जाणार आणि तिथून दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टँकरबरोबर कॅम्पवर. त्याच्यापर्यंत त्याच दिवशी पोचणारी एकच गोष्ट होती. ती माझ्यासमोर टेबलावर तापून बसली होती.

आता हे सगळं काय होतं ते सांगतो. मी रेडिओ मेकॅनिक. गिरगावात कर्णिक साहेबांच्या रेडिओ दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये मी उभ्या आयुष्याची नोकरी केली. कर्णिक साहेब सैन्यातल्या सिग्नल्समधून निवृत्त झालेले. आम्ही दोघंही हौशी रेडिओवाले. हौशी रेडिओवाला म्हणजे सरकारी परवाना काढून, स्वतःच्या हातानं सेट बांधून, कोसभर किंवा हजार कोस लांबच्या तसल्याच वेड्याशी बोलणारा माणूस. त्याला पगार नसतो, बायकोची बोलणी मात्र नियमित मिळतात.

तेव्हा राज्य द्विभाषिक होतं. लालबाग मुंबई राज्यात आणि कच्छचं रणही मुंबई राज्यातच. इकडे संयुक्त महाराष्ट्रासाठी आज सभा, उद्या मोर्चा, परवा हरताळ चाललेला. तिकडे रणात त्या हिवाळ्यात तीन तुकड्या उतरल्या होत्या. एक बोअरिंगवाले, ते गोडं पाणी शोधत होते. दुसरे मीठवाले, ते मिठागरांसाठी जमीन मोजत होते. तिसरे पक्षीवाले, म्हणजे कॉलेजातले प्राध्यापक. ते रोहित पक्ष्यांची वसाहत बघायला गेले होते. वायरलेस सेट कोणाकडेच नव्हते. म्हणून तिघांनीही आमच्यासारखे हौशी ऑपरेटर मागून घेतले आणि सरकारनं तेवढ्यापुरती खास परवानगी दिली.

या तिघांना फ्रीक्वेन्सी वाटून द्यायचं काम माझ्याकडे आलं. फ्रीक्वेन्सी म्हणजे हवेतली बोलायची जागा. दोघे एकाच जागी एकदम बोलले तर दोघांचंही कोणाला काही कळत नाही. लोकांना वाटतं, एवढं मोठं वाळवंट, त्यात तीन तंबू, भांडायचं काय? पण रण कितीही मोठं असलं तरी हवेतली उपयोगी जागा चाळीतल्या नळाएवढीच. पक्षीवाले तर सकाळी सेट लावायचे आणि कुठला पक्षी कुठे उभा होता हे इतकं सविस्तर सांगायचे, की बोअरिंगवाल्यांना डिझेल मागायला जागा उरायची नाही. त्या सकाळी उन्हं चढता चढता चाललेलं भांडण त्यावरूनच होतं.

तेव्हाच्या सेटची फ्रीक्वेन्सी क्रिस्टलनं ठरायची. क्रिस्टल म्हणजे गारगोटीच्या जातीच्या दगडाची नखाएवढी पातळ चकती. ती काचेवर बारीक पूड टाकून घासायची. जितकी पातळ होईल तितकी फ्रीक्वेन्सी वर सरकते. वर सरकवणं सोपं, खाली आणणं जवळजवळ अशक्य, कारण घासून गेलेला दगड परत चिकटत नाही. लढाईतले जुने क्रिस्टल चोरबाजारातून आणून मी तिन्ही तुकड्यांसाठी घासत बसायचो. एक नंबर मीठवाल्यांचा, दोन नंबर बोअरिंगवाल्यांचा, तीन नंबर पक्षीवाल्यांचा.

दोन नंबर घासताना वसंत माझ्यासमोर स्टुलावर बसला होता. तो गिरणीत इलेक्ट्रिशियन होता आणि बिनपगारी रजा काढून बोअरिंगवाल्यांबरोबर निघाला होता.

"मला जयंतीपासून लांब दे," तो म्हणाला.

"किती लांब?"

"त्याचा आवाज येणार नाही एवढा."

जयंती म्हणजे मीठवाल्यांचा ऑपरेटर, जयंती ठक्कर. मूळचा कच्छचा, पण जन्म आणि शाळा गिरगावातली. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलायचा. मी, वसंत आणि जयंती, आम्ही तिघं याच वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर पहिला सेट बांधायला शिकलो होतो. रविवारी दिवसभर सोल्डरिंग करायचं आणि मग लालबागला वसंतच्या घरी जेवायला जायचं. वसंतची आई गिरणीतल्या कोकणी माणसांची खानावळ चालवायची. जयंतीसाठी ती वेगळ्या भांड्यात बिनमाशाची आमटी ठेवायची.

मग आंदोलनात गोळी चालली आणि वसंतचा धाकटा भाऊ रमेश गेला. घोषणा द्यायलासुद्धा गेला नव्हता तो, गर्दी बघायला गेला होता. मी ती संध्याकाळ विसरू शकत नाही. चाळीत पाय ठेवायला जागा नव्हती. वसंत मात्र सारखा जिन्याकडे बघत होता. जयंती आला नाही. तेव्हा मुंबईत मराठी आणि गुजराती लोकांमध्ये इतकं विष कालवलं गेलं होतं, की जयंतीच्या काकांनी त्याला खोलीत कोंडून घातलं. लालबागला गेलास तर जिवंत परत येणार नाहीस, म्हणाले. नंतर महिन्याभरानं जयंती गेला, तेव्हा वसंतनं दार लावून घेतलं. त्याला गुजराती माणसाचा राग नव्हता. त्याला जयंतीचा राग होता.

"अरे, रणात तुमचेच दोन कॅम्प शेजारी आहेत," मी क्रिस्टल घासता घासता म्हटलं. "अडचण आली तर तोच येईल धावून."

"जाधव, माझा भाऊ गेला तेव्हा तो गिरगावातून लालबागला आला नाही. रणात कुठून येतोय?"

 मी लांबचा घासून दिला. पण एक अट घातली. रोज दुपारी चार वाजता तिन्ही कॅम्पनी आपापलं बोलणं थांबवायचं आणि एका सामाईक फ्रीक्वेन्सीवर कान लावून बसायचं. ज्याला गरज असेल त्यानं बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं. वसंत कुरकुरला. कर्णिक साहेबांनी त्याला सैन्यातल्या आवाजात सांगितलं, "मान्य नसेल तर रणात जाऊ नकोस." तो कबूल झाला. शिस्तीला वसंत पक्का होता. चारचं ऐकणं त्यानं एकदाही चुकवलं नाही.

सावंत निरोप घेऊन आले त्या मंगळवारी मी आधी परळला गेलो. काकी खाटेवर उशाला टेकून बसल्या होत्या. चेहरा राखेसारखा झाला होता, पण शुद्ध अगदी स्वच्छ होती.

"वसंताक कळवतंस मां?" त्यांनी विचारलं.

"आत्ता जाऊन कळवतो, काकी."

"तेका सांग, मी आसंय अजून. तेचा तोंड बघल्याशिवाय जावची नाय. पण बेगीन ये म्हणान सांग."

डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. म्हणाले, दोन दिवस काढतील, कदाचित तीन. पुढचं सांगता येत नाही.

मी हिशेब केला. वसंतच्या कॅम्पवर रोज पाण्याचा टँकर यायचा आणि पाच वाजता गावाकडे परतायचा. त्या टँकरमध्ये वसंत बसला तर रात्रीची गाडी मिळणार आणि गुरुवारी सकाळी तो आईजवळ असणार. टँकर चुकला तर सगळंच एका दिवसानं पुढे जाणार. बोअरिंगवाल्यांकडे स्वतःची जीप नव्हती.

अडचण अशी, की परळहून परतेपर्यंत दुपार झाली होती आणि दुपारी वसंतपर्यंत माझा आवाज पोचायचा नाही. त्याच्याकडे फ्रीक्वेन्सींचा जो पट्टा होता तो सकाळी उत्तम चालायचा. ऊन चढलं की मुंबईचा सिग्नल वाटेतच विरून जायचा आणि रात्री त्या पट्ट्यावर परदेशी स्टेशनांची जत्रा भरायची. दुपारी चालणारा पट्टा तिघांत फक्त जयंतीकडे होता. त्याचा सेट मोठा, जीपच्या बॅटरीवर चालणारा. दोन कॅम्पमध्ये अंतर चाळीस मैलांचं. तेवढं अंतर ओल्या खाऱ्या जमिनीवरून सिग्नल दिवसा कधीही कापायचा. तेव्हा रस्ता एकच होता. मी जयंतीला सांगायचं आणि जयंतीनं चारच्या ऐकण्यात वसंतला सांगायचं.

वर्कशॉपमध्ये येऊन मी मेसेज लिहिला. नियमाप्रमाणे इंग्रजीत. त्याचा अर्थ असा: आई आजारी, जिवंत आहे, तुझी वाट पाहते, पाचच्या टँकरनं निघ.

कर्णिक साहेबांनी तो वाचला आणि पेन्सिल उचलली.

"जाधव, आपल्याला परवानगी कॅम्पच्या कामाची आहे. खाजगी निरोपांची नाही. हा मी माझ्या जबाबदारीवर जाऊ देतोय. पण छोटा हवा. हल्ली सरकारातलं कोण कोण आपलं ऐकतं ते तुला ठाऊक आहे."

"साहेब, काकींचे शब्द आहेत. मी आहे असं सांग, म्हणाल्या."

"आजारी आहे म्हटल्यावर जिवंत असणारच ना? गेलेल्या माणसाला कोणी आजारी म्हणतं का?"

"साहेब, राहू दे ना तेवढं. दोन-तीन शब्दांनी काय होतं?"

"सिग्नल पडत चाललाय. प्रत्येक शब्द दोनदा पाठवावा लागेल. आई सीरियस, ताबडतोब निघ. यात काय कळत नाही?"

साहेबांचं चुकलं असं म्हणायला माझी आजही जीभ रेटत नाही. माणूस तर्कानं चालणारा. त्यांचं आयुष्य छावण्यांत गेलेलं. तिथे मेसेजमध्ये जे लिहिलं असतं तेच त्याचा अर्थ असतो. चाळीत तार आली की काय होतं, ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आमच्याकडे माणूस गेल्याचं कोणी तारेनं कळवत नसे. ऐकणाऱ्याला प्रवासात धक्का बसू नये, निदान घरापर्यंत धडपणे यावा, म्हणून सीरियस आहे, निघ, एवढंच कळवायचं. तशी तार आली की शेजारीपाजारी काय ते समजायचे आणि चूल विझवायचे. ही रीत लालबागला होती, गिरगावात होती, आणि जयंतीच्या कच्छी घरातही होती.

मेसेज गेला. आमचा आणखी एक नियम होता. ज्यानं मेसेज घेतला त्यानं तो शब्दन् शब्द परत पाठवायचा. जयंतीनं परत पाठवला. एक अक्षर चुकलं नाही. मग त्याच्याकडून थोडा वेळ काहीच आलं नाही. मी समजलो, सिग्नल पडला. शेवटी त्यानं एवढंच पाठवलं: मी बघतो.

चार वाजता मीही सामाईक फ्रीक्वेन्सी लावून बसलो. रणातलं बोलणं गिरगावात दुपारी ऐकू येणार नाही हे मला माहीत होतं, तरी बसलो. कानात नुसती खरखर होती. पाच वाजले तसा मी हेडफोन काढला आणि मनात म्हटलं, निघाला वसंत.

संध्याकाळी काकींना तसंच सांगितलं. त्यांनी हात जोडले. मला नाही, वर कुठेतरी.

बुधवारी सकाळी रोजच्यासारखं तिन्ही कॅम्पना बोलवायचं होतं. बोअरिंगवाल्यांकडून उत्तर येईल अशी अपेक्षाच नव्हती, कारण ऑपरेटर निघून गेलेला. तरी सवयीनं हाक दिली आणि लगेच उत्तर आलं. मोर्स मारणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो, बोलण्याची ढब असते तसा. तो हात वसंतचा होता. मी खुर्चीतच ताठ झालो. कर्णिक साहेब शेजारी चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

मी विचारलं: का निघाला नाहीस? आई वाट पाहते आहे.

 पलीकडून नुसती वाहक लहर येत होती, म्हणजे त्याचा हात बटणावर दाबलेलाच राहिला होता. एक लांबलचक, न तुटणारा सूर. मग तो थांबला आणि वसंतनं नियम मोडला. रोमन अक्षरांत, पण मराठीत, त्यानं विचारलं:

आई जिवंत आहे?

 साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मराठीत सांग," ते हळूच म्हणाले. "जे सांगायचं ते सगळं सांग. कोण ऐकायचं ते ऐकू दे."

मी सांगितलं. आहे. काल संध्याकाळी माझ्याशी बोलली. तुझं तोंड बघितल्याशिवाय जाणार नाही म्हणाली.

नंतर आलेला हात दुसरा होता. जयंतीचा. बोअरिंगवाल्यांच्या कॅम्पवर, दोन नंबरच्या फ्रीक्वेन्सीवर, जयंतीचा हात. अक्षरं एकमेकांत घुसत होती. त्यानं एवढंच पाठवलं: मी घेऊन येतो त्याला.

काय झालं होतं ते मला नंतर दोघांकडून वेगवेगळं कळलं.

जयंतीनं मेसेज घेतला आणि त्याच्या लेखी परब काकी गेल्या. दुसरा अर्थ त्याच्या मनात आलाच नाही. चार वाजता बटण दाबून वसंतला हे कळवायचं, मग नियमाप्रमाणे वसंतनं तो मेसेज शब्दन् शब्द परत पाठवायचा. आई गेल्याचं त्या एकट्या माणसानं रणात बसून स्वतःच्या हातानं परत वाजवून दाखवायचं. हे जयंतीच्यानं होईना. आणि एकदा तो या घरच्या मयताला गेला नव्हता. या वेळी आपण जायचं, शेजारी बसायचं, आपल्या तोंडानं सांगायचं आणि आपल्याच जीपनं त्याला स्टेशनवर पोचवायचं, असं त्यानं ठरवलं. पाचच्या आत पोचू असा त्याचा अंदाज होता. अडीच वाजता त्यानं जीप काढली. निम्म्या वाटेवर वरून कोरडं दिसणारं मीठ फुटलं आणि जीपची चाकं खालच्या चिखलात बसली. ती बाहेर निघेपर्यंत सूर्य मावळला.

चार वाजता वसंत सामाईक फ्रीक्वेन्सी लावून बसला होता. त्याला काहीच ऐकू आलं नाही. पाच वाजता टँकर त्याच्या डोळ्यांदेखत निघून गेला. ड्रायव्हरला त्यानं हातसुद्धा केला होता.

अंधारात जीपचे दिवे दिसले. जयंती उतरला, चपला काढून, मयताच्या घरी यावं तसा, वाळूत अनवाणी उभा राहिला. तेवढ्यावरूनच वसंत समजला. जयंती म्हणाला, "आई गेली रे." वसंतनं त्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. रमेश गेल्यापासून जे बोलणं तुटलं होतं ते त्या एका हाकेत जुळलं. रात्री रणात गाडी हाकता येत नाही, म्हणून दोघं तिथेच तंबूबाहेर बसले. जयंतीनं त्याला बळेच पाणी पाजलं. काकींच्या आठवणी काढल्या. माफी मागितली. वसंतनं माफ केलं. हे सगळं जिवंत बाईसाठी चाललं होतं आणि त्यातला एकेक तास तिच्याच वाट्याचा होता.

सकाळी मी हाक दिली ती यानंतर.

जीपनं ते रणाच्या कडेच्या गावी गेले. गाडी रात्रीचीच होती. त्याआधी दुसरी नव्हती.

गुरुवारी मी कामावर गेलोच नाही. हॉस्पिटलात बसून राहिलो. दुपारी काकींचा आवाज बारीक झाला.

"वसंता खंय पोचलो?"

"वाटेत आहे, काकी. अहमदाबाद आलं असेल."

"एकटोच आसा?"

"नाही. जयंती आहे बरोबर."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, जयंतीचं नाव घ्यायला नको होतं. मग म्हणाल्या, "तो गिरगावातलो? जेवाक येत होतो तो? लय दिसांनी येता." थोडा श्वास घेतला. "तेका उपाशी नको धाडूस."

ऊन उतरायच्या आत त्या गेल्या. मी हात धरून होतो. तो हात माझा नसायला हवा होता.

शुक्रवारी सकाळी मी स्टेशनवर गेलो. दोघं डब्यातून उतरले, अंगावर रणातलं पांढरं मीठ तसंच. मी काही बोललो नाही. आमच्या या रेडिओच्या धंद्यात न बोलण्याचाही अर्थ लगेच कळतो. वसंतनं ट्रंक खाली ठेवली आणि तो जयंतीकडे वळला. ओरडला नाही. अगदी थकलेल्या आवाजात म्हणाला, "रमेशच्या वेळी यायला हवं होतंस, तेव्हा आला नाहीस. या वेळी नुसतं बटण दाबायचं होतं, तर आलास."

जयंतीनं मान खाली घातली.  तरी तो लालबागला आला. चाळीतल्या दोघा-तिघांनी भुवया चढवल्या. सावंतांनी त्यांना गप्प केलं. जयंतीनं तिरडीला खांदा दिला. वसंतनं त्याला अडवलं नाही आणि त्याच्याकडे बघितलंही नाही. स्मशानातून परतताना मी वसंतला काकींचं शेवटचं बोलणं सांगितलं. जयंतीला उपाशी पाठवू नकोस, म्हणाल्या होत्या. वसंत ऐकत होता. घरी आल्यावर शेजाऱ्यांकडून पिठलं-भात आला. त्यातलं एक पान त्यानं जयंतीपुढे सरकवलं.  जयंतीनं मान खाली घालून जेवण केलं आणि तो गेला.

कर्णिक साहेबांनी त्यानंतर कोणाच्या मेसेजला पेन्सिल लावली नाही. आमच्या नेटवर, म्हणजे आम्हा रेडिओवाल्यांच्या जाळ्यावर, त्यांनी स्वतः नवा नियम केला. कोणाच्या आजारपणाचा निरोप असेल तर पहिला शब्द जिवंत किंवा मृत. बाकीचं नंतर. नवीन पोरांना तो शब्द फार कठोर वाटायचा. साहेब कारण सांगत नसत. म्हणायचे, लिहा म्हणतो ना.

काही महिन्यांनी, रणातले कॅम्प उठल्यावर, वसंत वर्कशॉपमध्ये आला. मी घासून दिलेला दोन नंबरचा क्रिस्टल त्यानं टेबलावर ठेवला.

"दुसरा दे."

"कुठला?"

"एक नंबरचा."

एक नंबर जयंतीचा होता. मी काही न विचारता त्याच मापाचा आणखी एक घासून दिला.

पुढे राज्याचे दोन भाग झाले. मुंबई महाराष्ट्राला मिळाली तेव्हा लालबागमध्ये रात्रभर गुलाल उधळला. वसंतनं रमेशच्या आणि आईच्या फोटोंना हार घातले आणि दिवा लावून तो आत बसला. जयंती काकांचा धंदा आवरून कच्छला, आपल्या गावी गेला. दर रविवारी सकाळी तो एक नंबरवर यायचा आणि वसंत त्याला उत्तर द्यायचा. काय बोलायचे? तुझा सिग्नल चांगला, माझा कसा येतो, हवा कोरडी, नमस्कार. बस. मी कित्येक वर्षं ते ऐकलं. त्यापलीकडे एक शब्द नाही, आणि एकही रविवार चुकला नाही.

एका रविवारी जयंती आला नाही. दुपारी त्याच्या मुलाचा हात आला, नवशिका, अडखळणारा. मी निरोप घेतला, परत पाठवला आणि लालबागला गेलो. वसंत जेवायला बसत होता. मला दारात बघून तो उठला.

"जयंती?"

"हो. निरोप आहे."

"पहिला शब्द कुठला आहे?"

"जिवंत."

त्यानं ताट तसंच झाकून ठेवलं आणि संध्याकाळच्या गाडीनं निघाला. पोचला. दोन दिवस त्याच्या खाटेशेजारी बसला. तिथे काय बोलले ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. परत आला तेव्हा डोक्यावर केस नव्हते.

चाळीस वर्षं मी हवेतल्या जागा वाटल्या. कोणाचा आवाज कोणावर पडू नये एवढंच माझं काम होतं. त्यातून शिकलो ते फार थोडं आहे आणि ते सांगायला रेडिओ लागत नाही. कोणाचं माणूस आजारी असेल तर कळवताना आधी ते आहे असं लिहा. शब्द वाढला तरी चालेल.